कलमकाका

चाकणकडे जाणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या बसमध्ये एक तरी कलमकाका असतो. वय पन्नाशीच्या पुढे, खातं बहुधा क्वालिटी, घर प्राधिकरणात नाहीतर चिंचवडगावात, आणि जागा ड्रायव्हरच्या मागची दुसरी, खिडकीकडची. ही जागा त्यांची आहे असं कुठे लिहिलेलं नसतं. पण माहिती तंत्रज्ञान कायदा ज्याला कलमवार पाठ आहे, अशा माणसाच्या जागेवर एकदा बसलेला ट्रेनी दुसऱ्यांदा बसत नाही.

बस नाशिक फाट्याला वळेपर्यंत काकांचं मोबाइलवरचं वाचन उरकलेलं असतं. क्रिकेट, राजकारण, सोन्याचा भाव हे त्यांचे विषय नव्हेत. कुणाचा डेटा फुटला, कुठल्या ॲपला दंड झाला, कुठला सर्व्हर बसला, एवढंच ते वाचतात. भोसरीत ते ‘हं’ म्हणतात. मोशीत ‘मी म्हणालोच होतो’ येतं. इंद्रायणीचा पूल ओलांडला की कलम क्रमांक सुरू होतात, आणि पुढे चाकणच्या अलीकडे कंटेनरच्या रांगेत बस अडकली की जे सुरू होतं त्याला घटनापीठच म्हणावं लागेल. चाकणच्या वाहतूककोंडीने या पट्ट्याचं किती नुकसान केलं ते उद्योजक सांगतात. तिने किती लोकांना कायदा शिकवला, ते कुणी सांगत नाही.

काकांना कायद्याची गोडी कुठून लागली याचा शोध मी घेतला आहे. मूळ ऑडिटमध्ये आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातली ‘एनसी’, म्हणजे नियमात न बसणारी चूक, काढणारा माणूस, त्याला एक दिवस कळलं की जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांचीही एनसी काढता येते, आणि तीही घरबसल्या. मग गुगल असो की फेसबुक, त्यांच्या दृष्टीने सगळे व्हेंडर. ‘पॉलिसी आहे ना? मग रेकॉर्ड दाखवा,’ असं ते झुकेरबर्गला भोसरीच्या उड्डाणपुलाखालून सुनावतात.

त्यांचं आवडतं कलम ६६ अ. ते अस्तित्वात नाही, हेच त्यातलं आकर्षण. बसमध्ये कुणी कुणाला ‘सहासष्ट अ लावीन हां’ म्हणालं की काका मान न वळवता म्हणतात, ‘मेलंय ते. २४ मार्च २०१५.’ मग पालघरची हकीकत येतेच. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांचं निधन, बंद, एका मुलीने फेसबुकवर विचारलेला प्रश्न, मैत्रिणीने त्याला दिलेलं लाइक आणि दोघींना अटक. त्यावरून श्रेया सिंघल नावाची कायद्याची विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि कलम रद्द झालं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. काकांचा खास भाग पुढे आहे: कलम गेल्यावरही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले, आणि २०२१ मध्ये हे ऐकून न्यायालय थक्क झालं. ‘कलम गेलं, पण त्याचं तेरावं कुणी घातलं नाही,’ काका म्हणतात, ‘म्हणून भटकतंय.’

पुट्टस्वामी निकालाविषयी मात्र ते थट्टा चालवून घेत नाहीत. २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्ती, एकमत: खासगीपणा हा मूलभूत हक्क. नऊच का, असं विचारण्याची चूक एका ट्रेनीने केली. बस रांगेत होती, त्यामुळे उत्तर पूर्ण मिळालं. १९५४ मध्ये आठ न्यायमूर्तींच्या पीठाने उलटं म्हणून ठेवलं होतं. आठांचं मत मोडायला नऊ लागतात. ‘आणि नऊच्या नऊ एका बाजूला!’ काका सीटवरून अर्धे उठले. ‘आपल्या मेंटेनन्समध्ये नऊ माणसांचं चहात साखर किती यावर एकमत होत नाही.’ मेंटेनन्सची माणसं मागे बसली होती. त्यांच्यात यावरूनही दोन मतं पडली.

काकांचा खरा बहर स्थानिक बातमीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. २७ सर्व्हर, बिटकॉइनमध्ये खंडणी, आणि तक्रार कुठे, तर निगडी पोलीस ठाण्यात. काकांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर! त्या आठवड्यात त्यांचा चेहरा मुलगा बोर्डात आल्यासारखा उजळलेला होता. वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं ज्या संकटाविषयी आपण बोलतो, ते शेवटी आपल्या वॉर्डात आलं, याचं समाधान काही वेगळंच.

खरं तर ते इथे आधीच येऊन गेलं होतं, आणि काकांइतकं हे कुणी नीट सांगत नाही. जून २०१७ मध्ये युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस निघाला. त्याने डॅनिश कंपनी मर्स्कला गाठलं, आणि जेएनपीटीतलं तिचं टर्मिनल ठप्प झालं. आपल्या पट्ट्यातला माल तिथूनच तर जहाजावर चढतो! पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटी गेले, त्यातले बरेचसे अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून. आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टाटांच्या जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला होऊन विलायतेतले कारखाने पाचेक आठवडे बंद राहिले. ही बातमी काकांनी बसमध्ये ‘फाइव्ह व्हाय’ लावून सोडवली. पहिल्या ‘का’ला सर्व्हर, दुसऱ्याला पासवर्ड, तिसऱ्याला माणूस, चौथ्याला ट्रेनिंग, आणि पाचव्या ‘का’ला कंपनीचं गेट आलं, म्हणून रूट कॉज अजून उघडच आहे.

गेट हे काकांचं दुसरं व्यासपीठ. तिथे सिक्युरिटीवाला मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतो, म्हणजे आपण कंपनीचा फोटो काढू नये. आणि लगेच पुढच्या खांबावर मशीन असतं, ते आपला चेहरा टिपतं. ‘म्हणजे गुपित फक्त कंपनीला,’ काका म्हणतात. मग २०२३ चा डेटा संरक्षण कायदा येतो: संमती मुक्त हवी, विशिष्ट हवी, माहितीपूर्ण हवी, निःसंदिग्ध हवी. सिक्युरिटीवाला हे रोज ऐकतो. तो धाराशिवचा शांत गृहस्थ आहे. ‘काका, चष्मा काढा,’ एवढंच म्हणतो. काका चष्मा काढतात. मशीन ‘थँक यू’ म्हणतं. संमती निःसंदिग्ध झाली.

त्यांच्या मागे ठेकेदाराची पोरं उभी असतात. कास्टिंग घासून, कूलंटमध्ये हात घालून ज्यांचे अंगठे झिजले आहेत, त्यांचा अंगठा जुनं मशीन घेतच नसे. चेहऱ्याचं मशीन आल्यापासून त्यांची हजेरी बुडत नाही. बायोमेट्रिकच्या धोक्यांवरचं काकांचं भाषण त्यांनी एकदा आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण मग ओटी लागंल ना?’ या प्रश्नावर काकांकडे कलम नाही.

आधारच्या झेरॉक्सचं त्यांचं शास्त्र तर प्रसिद्धच आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने सूचना काढली होती की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, आणि गैरसमज होतोय म्हणून दोनच दिवसांत सरकारने ती मागे घेतली. सरकारने मागे घेतली, काकांनी नाही. तेव्हापासून ते प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहितात: कुणाला दिली, कशासाठी दिली, तारीख, वेळ, ‘अन्य उपयोगास मनाई’, सही. इतकं लिहितात की खालचा माणूस दिसेनासा होतो. एका बँकेने ती परत केली. ‘फोटो दिसत नाही,’ असा शेरा होता. काकांनी तो शेरा फ्रेम करून ठेवण्याइतका जपला आहे. म्हणजे पद्धत चालते!

दुसऱ्यांच्या भाबडेपणाची त्यांना चीड आहे. एका ट्रेनीने ‘रोम करारानुसार फेसबुकला माझे फोटो वापरण्यास मी मनाई करतो’ हा जुना निरोप टाकला, तर त्याला काकांनी शेजारी बसवून सांगितलं की रोम करार युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाचा आहे. ‘तुझा गणपती मिरवणुकीतला फोटो हा युद्धगुन्हा आहे का?’ मग त्यांनी तो फोटो पाहिला, आणि जरा विचारात पडले.

आता कुणाला वाटेल, इतका खासगीपणा जपणारा माणूस दुसऱ्याला काही विचारत नसेल. नवा ट्रेनी भोसरीला चढला की आळंदी फाट्यापर्यंत काकांकडे पुढील माहिती जमा असते: गाव, तालुका, जमीन किती, पाण्याची सोय, हातात पगार किती, खोलीभाडं किती, बहिणीचं जमलं का, आणि नसेल जमलं तर का नाही. यातलं काहीच ते वाईट हेतूने विचारत नाहीत, आणि पोरंही काही वाईट वाटून सांगत नाहीत. गुगलला एवढं कळायला वर्ष लागेल, आणि जमिनीचा वाद तर कळणारच नाही. हे त्यांच्या लक्षात आणून दिलं, तर उत्तर तयार आहे: ‘कलम तीन. व्यक्तिगत किंवा घरगुती कारणासाठी माहिती घेतली तर कायदा लागू नाही.’ बस ही काकांच्या मते घरगुती.

कायद्यातला अडीचशे कोटींचा दंड ते वरचेवर सांगतात. नागरिकाने खोटी किंवा फालतू तक्रार केली तर त्यालाही दहा हजारांपर्यंत दंड आहे, हे मात्र त्याच कायद्यातून एका पोराने वाचून दाखवलं. काका दोन दिवस गंभीर होते.

तरी एक प्रसंग असा आहे की त्यावर त्यांच्या आणखी वीस वर्षांच्या भाषणांना माफी द्यावी. पेंट शॉपमधल्या एका पोराला बसमध्येच व्हिडिओ कॉल आला. पलीकडे पोलिसांची वर्दी, मागे भिंतीवर बोधचिन्ह: तुझ्या नावाचं पार्सल पकडलंय, तुला डिजिटल अटक झालीय, फोन ठेवायचा नाही. पोरगं पांढरंफटक. काकांनी फोन मागून घेतला. ‘नमस्कार. कलम सांगा.’

पलीकडचा गडी म्हणाला, ‘चार सौ बीस.’

‘गुन्हा कधीचा? एक जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर चारशेवीस. नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता, तीनशे अठरा, पोटकलम चार. आणि डिजिटल अटक कुठल्या कलमात बसते, तेवढं सांगता का? मी लिहून घेतो.’

फोन कट झाला. अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हरने हॉर्न. काका मात्र हिरमुसले. ‘ठेवला राव. माझं सहासष्ट ड राहिलंच.’ मग पोराला पाणी पाजलं, १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच्याकडून तक्रार नोंदवून घेतली, आणि त्याच्या घरचं कर्ज किती आहे ते विचारलं.

सध्या काकांच्या मुलीचं बघतायत. लग्नाचा बायोडेटा म्हणजे काय चीज असते, ते मराठी माणसाला सांगायला नको: जन्मतारीख, वेळ, ठिकाण, रास, गण, रक्तगट, पगार, फ्लॅट कुठे, वडिलांचा मोबाइल, आणि खाली मामांचं पूर्ण नाव-गाव, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. बँकेचा गुप्त प्रश्न हाच असतो, हे काकांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यामुळे त्यांनी पीडीएफ कुलूपबंद केली आणि ओळखीच्या सगळ्या गटांवर पाठवली. खाली सूचना: ‘पासवर्ड – मुलीची जन्मतारीख, आठ आकडे.’ जन्मतारीख अर्थातच फाइलीत होती.

दुसऱ्या दिवशी नाशिक फाट्यापासून फोन सुरू झाले. पहिल्या स्थळाला काकांनी तारीख कुजबुजत सांगितली. भोसरीत हॉर्नचा गोंगाट, तिथे आवाज चढवावा लागला. मोशीत एक आजोबा होते, त्यांना ऐकू कमी येत होतं. त्यांना तारीख सुटी सुटी करून दोनदा सांगितली, आणि त्यांनी वेळही विचारली म्हणून तीही. चिंबळी येईपर्यंत मागच्या सीटवरच्या एका हौशी फिटरने मोबाइलवर कुंडली मांडलेली होती.

‘काका,’ त्याने मागून ओरडून विचारलं, ‘मंगळ दिसतोय हो.’

काका सावकाश वळले. ‘ही अत्यंत संवेदनशील वैयक्तिक माहिती आहे,’ ते म्हणाले. मग चष्मा सारखा करत म्हणाले, ‘आणि सौम्य आहे.’