पुठ्ठ्याच्या संगणकाची स्तुती

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांना एक समास दिला, पढतमूर्खांना दुसरा. मला तिसरा हवा आहे, आणि तो निंदेचा नको, स्तुतीचा हवा. जे यंत्र चालणारच नाही, ते जीव ओतून बनवणाऱ्यांचा समास. व्यवहारी माणसं त्यांना खुळे म्हणतात. ते खुळे आहेतच, आणि जगाला त्यांची फार गरज आहे.

या खुळाची सर्वांत चांगली गोष्ट मला पालीत सापडते. गणेशपुराणातलं पल्लीपूर म्हणजे सरसगडाच्या पायथ्याची ही आपली पाली, असं परंपरा मानते. कल्याण वाण्याचा मुलगा बल्लाळ गावातल्या पोरांना घेऊन रानात जायचा. एक धोंडा मांडायचा आणि त्यालाच गणपती म्हणायचा. मग कोणी देऊळ रचायचं, कोणी नाचायचं, कोणी पंडित होऊन पुराण सांगायचं. खेळात पोरांना तहानभूक राहायची नाही. गावकऱ्यांनी शेटजींकडे तक्रार नेली, की तुमच्या पोरानं आमची पोरं बिघडवली. शेटजींनी खेळ मोडला, धोंडा भिरकावला, बल्लाळाला बडवून झाडाला बांधलं. हिशेबी माणसाला धोंड्यात धोंडाच दिसला. त्याच्याभोवती दहा डोकी एक होऊन काही घडवत होती, ते दिसलं नाही.

पुढे गणपती प्रकटला आणि भक्ताच्या नावानं तिथेच राहिला. अष्टविनायकांत असं नाव एकट्या बल्लाळेश्वराचं. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पालीची रीत. बापानं फेकलेला तो धोंडा धुंडीविनायक म्हणून पुजला जातो, आणि त्याचं दर्शन आधी घ्यायचं असतं, बल्लाळेश्वराचं नंतर. पोरांच्या खेळातल्या नमुन्याला पहिला मान! असा शहाणपणा मी कुठल्याही कंपनीच्या दाराशी पाहिलेला नाही.

१९६८ साली अमेरिकेत अ‍ॅलन के नावाच्या तरुणानं असाच एक धोंडा मांडला. संगणक तेव्हा खोलीभर असायचे. संशोधक सीमोर पॅपर्ट यांच्याकडे मुलं संगणकाशी खेळताना त्यानं पाहिली, आणि लहान मुलाला काखेत मारून नेता येईल अशा संगणकाचा नमुना पुठ्ठ्याचा केला. वजन किती असलं तर हाताला जड होणार नाही, हे कळावं म्हणून त्यात शिशाच्या गोळ्या भरल्या. सपाट पडदा त्यानं पाहिला होता तो जेमतेम इंचभर चौरसाचा. तरीही १९७२च्या लेखात त्यानं ठरवून टाकलं, की वजन चार पौंडांच्या आत आणि किंमत पाचशे डॉलरच्या आसपास. नाव डायनाबुक.

त्या लेखात नऊ वर्षांची दोन मुलं बागेतल्या गवतावर लोळत, आपापली यंत्रं जोडून अंतराळयानांचा खेळ खेळतात. मग त्यांना खटकतं, की या खेळात सूर्याची ओढच नाही. ती खेळाचे नियमच बदलायला निघतात. डायनाबुकचा सगळा जीव या प्रसंगात आहे. इथं यंत्र मुलांना खेळवत नाही, दोघं मिळून यंत्राला नवा खेळ शिकवतात.

के झेरॉक्स कंपनीच्या ज्या ‘पार्क’ संशोधन केंद्रात काम करत होता, तिथल्या वरिष्ठांनी पैसे नाकारले. पण चक थॅकर आणि बटलर लॅम्पसन हे दोन अभियंते त्याच्या खुळात सामील झाले आणि १९७३ मध्ये ‘ऑल्टो’ उभा राहिला. आज आपण पडद्यावर ज्या खिडक्या उघडतो-मिटतो, त्यांचं घराणं तिथलं. आणि त्याही आधी, ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट या संशोधकानं तर दूर मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावरचा मजकूर हाताळून दाखवला होता.

आपण मात्र विकत घेतला तो एका खुर्चीचा, एका कळफलकाचा संगणक. शाळेत एक मूल बसतं आणि बाकीची त्याच्या खांद्यावरून वाकून बघतात. कुठं हात लागला तर ओरडा बसतो. हे मला मनापासून सलतं. जी वस्तू मिळून घडवण्यासाठी कल्पिली गेली, तिच्यापुढे आपण पोरांना रांगेत उभं केलं.

म्हणून पालीच्या सुधागड तालुक्यातल्या शाळांकडे माझं मागणं आहे. आठवड्याचा एक तास पुठ्ठ्याच्या संगणकाला द्या. पालीच्या बाजारात पोह्यांचे पापड आणि मिरगुंडं भरपूर विकली जातात, तेव्हा रिकाम्या खोक्यांना तोटा नसावा. चारचार मुलांना एक खोकं द्या आणि एवढंच विचारा, की चौघांचे आठही हात एका वेळी कामाला लागतील असं यंत्र कसं असेल? पडदा कुठं, कळा कुठं, भांडण झालं तर यंत्रानं काय करायचं? जे बनेल ते चालणार नाही. ते वर्गात मांडून ठेवा, आणि संगणक खोलीला कुलूप असलं तरी या खोलीला लावू नका.