चार किलो युरियासाठी यंत्र

माझ्या वाट्याला आलेलं रान 33 फूट रुंद आणि 198 फूट लांब आहे. आजोबांच्या माघारी वाटण्या झाल्या तेव्हा प्रत्येकाला पुढचा रस्ताही हवा होता आणि मागची विहीरही. मग जमीन उभी चिरली गेली आणि ज्याच्या त्याच्या पदरात एकेक पट्टी पडली. 33 बाय 33 फुटांचा एक गुंठा. असे सहा गुंठे माझ्याकडे एकामागे एक उभे आहेत. पुण्याच्या सोसायटीत यावरून मला जमीनदार म्हणतात. गावात त्याच जमिनीला परसू म्हणतात. 1947 सालच्या तुकडेबंदी कायद्याला विचाराल, तर तो बहुधा तोंडच फिरवेल.

या पट्टीचा कारभार आत्याकडे. रब्बीला तीन गुंठे गहू, बाकीच्यात हरभरा, मेथी, कोथिंबीर; पावसाळ्यात भुईमूग; आणि बारमाही पीक म्हणजे माझ्यावर टीका. बी टाकायचं, खत फोकायचं, सगळं तिच्या उजव्या हातानं व्हायचं. तो हात खांद्यातून धरला. डॉक्टरांनी हात वर करायला बंदी केली, तेव्हा आत्यानं तोंडाचा वापर वाढवला, आणि बी-खत टाकायला एखादं छोटं यंत्र आणायचं असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. आत्याचं म्हणणं, "आरं, यवढ्याशा रानात यंत्र कुठं ठिवायचं आन् पीक कुठं घ्यायचं?"

शेती अवजारांच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती एकर?" तिथं गुंठ्यांत बोलणाऱ्याला कुणी गिऱ्हाईक समजत नाही. मी "सहा" म्हणालो, आणि पुढचा शब्द ओठांवर यायच्या आत मालकांनी चहा सांगितला. मला ट्रॅक्टरमागं जोडायच्या एका अवाढव्य नरसाळ्यासमोर नेऊन उभं केलं. खाली फिरती तबकडी, तिच्यावर पाती. वरून खत पडणार आणि तबकडी ते दोन्ही अंगांना भिरकावणार. "साहेब, तीनशे किलो बसतं. बारा मीटर फेकतं. एकदा फिरलं की काम खलास."

मी चहा घेता घेता मनात हिशेब मांडला. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्र द्या असं सांगतात. निम्मं पेरताना, निम्मं तीन आठवड्यांनी. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे दुसऱ्या हप्त्याला हेक्टरी साधारण 130 किलो युरिया. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, त्यामुळे आम्हा गुंठेवाल्यांना एक सोय आहे: पुस्तकातल्या कुठल्याही भल्यामोठ्या आकड्याला शंभरानं भागायचं आणि नम्र व्हायचं. गुंठ्याला 1.3 किलो. तीन गुंठ्यांना चार किलो. चार किलो! एवढी साखर आमच्याकडे गणपतीत लागते. हे नरसाळं एकदा भरलं की गव्हाच्या वरखताची पंच्याहत्तर वर्षं काळजी नाही. तळाचा युरिया माझा पणतू काढेल. तोवर तो सुटा राहिला तर. युरिया हवेतली ओल पितो आणि उघड्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याचा दगड होतो.

शिवाय ते बारा मीटर. माझी पट्टी दहा मीटरांची. डाव्या बांधापलीकडं थोरल्या चुलत्यांची पट्टी, उजव्या बांधापलीकडं धाकट्यांची. डाव्या बांधाची दर मोजणीला हद्द नव्या जागी निघते आणि त्यापायी त्या घराशी आमचं बोलणं बंद आहे. ज्या भावकीला आम्ही फूटभर माती सोडायला तयार नाही, तिच्या गव्हाला मीटरभर आत जाऊन फुकट युरिया घालणारं यंत्र मी घरी आणलं असतं, तर आत्यानं आधी मलाच वाटणीतून काढलं असतं.

"गुंठे," मी शेवटी म्हणालो. "सहा गुंठे." मालकांना एकाएकी फोन आला. दुसरा चहा यायचा होता, तो आलाच नाही.

मला दुकानातल्या पोऱ्याच्या हवाली करण्यात आलं. त्यानं दोन चाकांची एक देखणी ढकलगाडी काढली. ढकललं की चाकं फिरतात, चाकांवर आतली चकती फिरते, चकतीवरचं खत पसरतं. बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी झकास वस्तू. आमच्या रानात वाफे आहेत, वाफ्यांना वरंबे आहेत, मधून पाट जातो आणि जिथं यातलं काही नाही तिथं ढेकळं आहेत. चाक ढेकळाला अडलं की फिरायचं सोडून फरफटतं, आणि खत बंद होतं. वरंब्यावरून खाली सुटलं की गरागरा फिरतं. म्हणजे ढेकळांना उपास आणि पाटाला पंगत.

पुतण्याला या सगळ्याचा कंटाळा आला होता. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याला ड्रोन हवा होता. नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आणि वरून ड्रोन. मी त्याला म्हटलं, बाबा, आपल्या रानावर तो उडाला आणि वळायला थोडा उशीर झाला, तर फवारणी थेट विहिरीवर. तो म्हणाला, "काका, तुमची पट्टीच चुकीच्या दिशेला कापलीय." यावर वाद नाही.

खरा उमेदवार ठरलं ते गळ्यात अडकवायचं यंत्र: जाड कापडाची पिशवी, तिच्या बुडाशी छोटी तबकडी आणि बाजूला हँडल. चालत राहायचं आणि हँडल फिरवायचं. इंग्लंडात याच जातकुळीचं एक जुनं अवजार होतं, त्यात हँडलऐवजी व्हायोलिनला असतो तसा गज असे. गज पुढंमागं ओढला की तबकडी फिरे आणि बी उडे. नावच सीड फिडल. इंग्रजांना पेरताना वाद्य लागतंच बहुतेक. 1701 च्या सुमारास जेथ्रो टल यानं पेरणीयंत्र बनवलं, तेव्हा त्याच्या डोळ्यापुढं ऑर्गनचे भाग होते. आणि अडीचशेच्या वर वर्षांनी एका ब्रिटिश रॉक बँडनं त्याचंच नाव घेऊन बासरी वाजवली. आपल्याकडची गोष्ट निराळी. 1790 च्या दशकात कॅप्टन हॅलकॉट नावाचा इंग्रज अधिकारी दक्षिण भारतात होता. पेरणीयंत्र ही युरोपची ताजी करामत, अशी त्याची समजूत होती. आणि इथं पाहतो तो शेतकरी नळ्यांच्या पाभरीनं निवांत ओळी धरून पेरतायत. त्याचा हा वृत्तांत धरमपाल यांनी आपल्या पुस्तकात छापला आहे. शेतकऱ्यांना आपण करामत करतोय हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते बिचारे नुसतेच पेरत होते.

पिशवी दोन दिवस वापरून बघायला मिळाली. पुतण्यानं अंगणात ताडपत्री अंथरली, खडूनं चौकोन आखले आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून ठेवला. मी पिशवी गळ्यात घालून युरिया उडवत ताडपत्रीवरून गेलो. मग एकेका चौकोनातला युरिया गोळा करून तोलला. मधल्या चौकोनांत भरपूर, कडेच्या चौकोनांत चिमूटभर. यात यंत्राचा दोष नाही, फिरत्या तबकडीचा स्वभावच तो. म्हणून पहिल्या फेरीच्या कडेवर दुसऱ्या फेरीची कड चढवावी लागते. त्याहून बरं म्हणजे झडप निम्मी उघडायची, एकदा उभं फिरायचं आणि उरलेलं निम्मं आडवं फिरून टाकायचं. पुस्तकात हे छान वाटतं. माझ्या रानात आडवं फिरायचं म्हणजे हँडलला लय सापडेपर्यंत समोर बांध येतो.

दुसरी गोष्ट कळली ती झडपेची. वळायला थांबलात आणि झडप पूर्ण बंद होत नसेल, तर पायाशी ढीग पडतो. रानात तिथं गहू करपतो आणि तुम्ही कुठं कुठं दम खाल्लात त्याचा नकाशा महिनाभर गावाला दिसतो. यंत्र घेताना रंग आणि हमीपत्र नंतर बघा, आधी मूठभर खत आत टाकून झडप बंद करा आणि हलवून बघा. एक दाणा जरी गळला तरी ठेवून द्या. आणि खत लोखंड खातं. पेटी प्लॅस्टिकची, आस स्टेनलेस स्टीलचा, आणि काम झालं की त्याच संध्याकाळी धुणं. नाहीतर पुढच्या हंगामात तबकडी एकीकडं आणि हँडल दुसरीकडं.

तेवढ्यात पुतण्याला एक कल्पना सुचली. गव्हाचं बी आणि युरिया एकत्रच पिशवीत घालू, एका फेरीत दोन्ही कामं. बाजेवर बसलेल्या आत्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "बी भाजंल." आणि पुन्हा मिटलं. तिला अमोनियाबद्दल कुणी शिकवलेलं नाही, पण युरिया बियाला खेटून पडला की उगवण मारली जाते हे खरंच आहे. दोन चाड्यांची पाभर निघाली ती याचसाठी: एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत, आणि मातीत दोघांचं अंतर राखून. शिवाय दाण्यादाण्यात फरक असतो. डीएपीचा दाणा जड, तो लांब जातो. युरियाचा हलका, तो जवळच पडतो. एकत्र भरून उडवले तरी खाली उतरेपर्यंत त्यांचं फाटलेलं असतं. आमच्या भावकीला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग आत्या उठली. उजवा हात पदराखाली, डावा पाटीत. ताडपत्रीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं ती चालत गेली, पावलाला एक मूठ, आणि मूठ एकदम उघडायची नाही, बोटांच्या फटींतून सोडत न्यायची. पुतण्यानं चौकोन तोलले. पुन्हा तोलले. मग काटा बिघडलाय का ते बघायला त्यानं आत जाऊन पावकिलो रवा तोलून आणला. काटा ठीक होता. आत्याच्या डाव्या हाताचे चौकोन यंत्रापेक्षा एकसारखे निघाले होते. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरायला आख्ख्या वाडीत तिला बोलावणं यायचं, हे मी लहानपणापासून ऐकत होतो. तिफणीला फण असतात, नळ्या असतात, बैल असतात. पण कुठं किती दाणे पडणार हे ठरवणारा भाग मनगटाला जोडलेला असतो आणि तो दुकानात सुटा मिळत नाही.

माझ्या हातानं काय पडलं तेही तोलण्यात आलं. ते आकडे पुतण्यानं वहीत लिहिले नाहीत, हा त्याचा चांगुलपणा.

एवढं होऊनही मी यंत्र घेतलंच. आत्याचा हात उत्तम आहे हे खांद्याला सांगून उपयोग नव्हता, आणि युरियानं तिच्या बोटांना पडलेल्या भेगा मी बघितल्या होत्या. वरखताला ती गळ्यातली पिशवी. भुईमूग, हरभरा आणि बांधाकडेच्या मक्याला हातानं ढकलायचं टोकणयंत्र: एक चाक, त्याला भोवती चोची, आत बियाच्या आकाराप्रमाणं बदलायचे रोलर. चोच मातीत घुसते, उघडते, दाणा सोडते. वाफसा असेल तर हे यंत्र इतकं नीट चालतं की उगाच चार जणांना हाक मारून दाखवावंसं वाटतं. ओल जास्त असेल तर काळी माती चोचीत बसते आणि तुम्ही रान पेरल्याच्या समाधानात नुसती भोकं पाडत जाता.

मेथी-कोथिंबिरीला मात्र आत्यानं यंत्राला हात लावू दिला नाही. धने रगडून दोन फाकी करायच्या, मेथी मुठीनं विस्कटायची, खुरप्यानं माती सारायची; दीड वाफ्याला आणखी काय हवं? "माझ्या मेथीला त्ये चाक लावलंस, तर भाकरीसंगं चाकच खा."

गावात टोकणयंत्र आल्याची बातमी पसरायला वेळ लागला नाही. पेरणीच्या दिवसांत ते आमच्या घरी झोपायलासुद्धा येत नव्हतं. डाव्या बांधापलीकडच्या घरानंही नेलं. बोलणं बंद आहे, देवाणघेवाण नाही; त्यांची धाकटी नात येते, मुकाट्यानं यंत्र उचलते, आणि परत आणून ठेवते तेव्हा सोबत वाटीभर लोणचं असतं. त्यांनी त्यात बाजरी पेरली. पेटी झटकायची राहिली. आम्ही वरून भुईमूग भरला, आणि पंधरवड्यात आमच्या पहिल्या ओळीच्या तोंडाशी बाजरीचा भरघोस झुपका उभा.

थोरले चुलते बांधावर आले. झुपक्याकडं बघत, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "आमची बाजरी हिकडं कशी काय?"

आत्यानं भुईमूग खुरपता खुरपता, तितक्याच हवेत, उत्तर दिलं, "हद्द सरकली आसंल."