बांबूवर झोपायची घाई

आमच्या जुन्नर-आंबेगावात बांबूला आजवर दोनच मानाची कामं होती. टोमॅटो उभा करायचा आणि माणूस आडवा झाला की त्याला न्यायचं. आता तिसरं निघालंय, बांबूची बेडशीट. मोबाइलवर जाहिरात येते की बांबूवर झोपा, ढगावर झोपल्यासारखं वाटेल. लोणी गावातल्या कुठल्याही आजीला हे वाचून दाखवा. ती म्हणेल, "बांबूवर माणूस एकदाच झोपतो बाबा, आणि त्याची जाहिरात करावी लागत नाही."

आजीचं सोडा, ती जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर समाधानी आहे. पण नातू चाकणला कामाला, सूनबाईंचं ऑनलाइन सगळं चालतं, आणि घरात प्रश्न पडलाय की बांबूची घ्यावी की कॉटनची? बांबूची डबल बेडशीट चांगल्या सुती चादरीच्या दुप्पट-तिप्पट भावाने मिळते. जाहिरातीत हिरवंगार बेट, त्यात पांडा, त्याच्या बाजूला झोपलेली गोरी बाई. पांडाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की यात बांबू नाही, खाऊन बघितला.

कारण ही चादर होते ती अशी. बांबूचे तुकडे करतात, त्याचा लगदा करतात, तो कॉस्टिक सोड्यात भिजवतात, मग त्यावर कार्बन डायसल्फाइड सोडतात. हे रसायन कारखान्यातल्या कामगाराच्या मज्जासंस्थेला घातक आहे, हे वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. काकवीसारखं दाट द्रावण तयार झालं की बारीक भोकांच्या झारीतून ते गंधकाम्लाच्या हौदात सोडायचं, की धागा तयार. ही व्हिस्कोज नावाची रीत १८९२ साली इंग्लंडमध्ये क्रॉस आणि बेव्हन या रसायनतज्ज्ञांनी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर पेटंट केली. त्यातून निघतं ते रेयॉन. कल्याणच्या लोकलने पुढे गेलेल्यांना शहाडची सेंच्युरी रेयॉन ठाऊक असेल, ती पिढ्यान्‌पिढ्या हेच सूत काढतेय. लगदा बांबूचा असो, निलगिरीचा असो की पाइनचा, झारीतून बाहेर पडलेल्या धाग्याला आपलं माहेर आठवत नाही. म्हणजे मंचरच्या बाजारात जो रेयॉनचा कुर्ता आपण घासाघीस करून घेतो, त्याची ही शिकलेली बहीण.

हे मी खवचटपणाने म्हणत नाही. (म्हणजे, तसं म्हणतोय, पण पुराव्यानिशी.) अमेरिकेत ग्राहकांची फसवणूक रोखणारं सरकारी फेडरल ट्रेड कमिशन २००९पासून याच्या मागे लागलंय. 'बांबू' असं लिहू नका, 'बांबूपासून बनवलेलं रेयॉन' लिहा, असं त्याचं म्हणणं. बांबूतले जंतुनाशक गुण चादरीत उतरतात हा दावाही त्याने खोडून काढला. इतक्या रसायनातून गेल्यावर कसले गुण उरणार? २०२२ साली वॉलमार्टने ३० लाख डॉलर आणि कोल्स या दुसऱ्या दुकानसाखळीने २५ लाख डॉलर दंड भरायचं कबूल केलं. दोन्ही मिळून चाळीस कोटी रुपयांच्या वर. आपल्याकडे तीच जाहिरात पांडासकट सुखाने चालू आहे.

बांबूचं नशीबही अजब. इंग्रजांच्या १९२७च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवलं, म्हणून तोडायला आणि न्यायला परवाने. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळायला २०११ साल उजाडलं, आणि तेव्हाही खुद्द केंद्रीय मंत्री नि मुख्यमंत्री गावात यावे लागले. २०१७ साली दुरुस्ती होऊन तो कायद्याच्या झाडांतून बाहेर पडला. वनस्पतिशास्त्रात तो पहिल्यापासून गवतच होता. आणि आता चादरीवाल्यांनी त्याचा कापूस केला. शेतकरी नेते पाशा पटेल गावोगाव बांबू लावा म्हणून सांगत फिरतात, ते बरंच आहे. पण या चादरींचा लगदा मुख्यतः चीनचा. तुमच्या बेडशीटमुळे आपल्या बुरुडाच्या सुपाला किंवा भीमाशंकरच्या डोंगरातल्या बांबूला एक रुपयाही जात नाही.

आता तुम्ही म्हणाल, नाव काहीही असो, अंगाला लागते कशी? छान लागते. खोटं कशाला बोला? मऊ असते, अंगावरून पाण्यासारखी ओघळते, कापसापेक्षा घाम जास्त शोषते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरात हात लावला की गार वाटतं. पूर्वी अशा दिवसांत अंगणात घोंगडी टाकून झोपता यायचं. आता अंगण बिबट्याकडे आहे.

पण चादर नुसती अंथरायची नसते, धुवायचीही असते. आणि तिथे लोणीत बांबूचं पितळ उघडं पडतं. व्हिस्कोजचा धागा ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कापसाची उलट ओला झाल्यावर थोडी वाढते. म्हणूनच आपल्या आया-आज्यांनी सुती लुगडी दगडावर आपटली, पीळ घालून पिळली, बाभळीच्या कुंपणावर वाळत घातली, आणि फाटल्यावर त्यांचीच गोधडी शिवली. तीच वागणूक बांबूच्या चादरीला द्या, वर्षभरात मधोमध खिडकी पडेल. तिच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, थंड पाणी, सौम्य साबण, पिळू नये, सावलीत वाळवावी. लोणी-धामणीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर येतो. डिंभे धरणाचं पाणी वर कधी चढणार म्हणून लोकांच्या माना अवघडल्यात. तिथे माणसाला मिळत नाही ती सौम्य वागणूक चादरीला कुठून द्यायची? आणि पावसाळ्यात, जास्त पाणी पिणारी म्हणून, ती वाळते आणखी उशिरा.

यावर शहरी पर्यावरणवाद्यांचं ठेवणीतलं अस्त्र म्हणजे कापूस पाणी फार पितो. पीत असेल जिथे पाजतात तिथे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, तो आभाळाकडे बघून पिकतो. कापसाचं खरं पाप वेगळंच आहे. २०१७ साली यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. ते सांगा, ऐकून घेतो. पण उपाय म्हणून कार्बन डायसल्फाइडचा हौद दाखवू नका. बांबूच्या लायोसेल नावाच्या प्रकारात द्रावक पुन्हापुन्हा वापरतात, तो त्यातल्या त्यात सभ्य. भावही तसाच.

कॉटनवालेही साधू नाहीत. 'ग्लेस कॉटन' म्हणून जे दोनशे-अडीचशेला रस्त्याकडेला मिळतं ते बहुधा चक्क पॉलिस्टर असतं. त्यावर झोपून पाहा, मे महिन्यात ढोकळा व्हाल. मोठ्या बाजारातही तेच. २०१६ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने आपल्या वेलस्पन कंपनीशी व्यवहार तोडला, कारण इजिप्शियन कापसाच्या म्हणून गेलेल्या साडेसात लाख चादरी-अभ्र्यांत वेगळाच कापूस निघाला. आणि ते 'हजार थ्रेड काउंट'! एका चौरस इंचात उभे-आडवे किती धागे, एवढाच त्याचा अर्थ. हजार भरवायला दोन-तीन पदरी सुताचा एकेक पदर वेगळा मोजतात. दोनशे-तीनशेची साधी विणीची चादर आपल्या हवेला उत्तम, हवा खेळती राहते.

पारख घरी होते. कडेचा एक धागा काढून जाळा. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. कागदासारखा वास येऊन राख झाली तर कापूस किंवा व्हिस्कोज, कारण दोन्ही जळतात सारखेच. मग दुसरा धागा ओला करून ओढा. पटकन तुटला तर तुम्ही बांबू घेतलाय.

आणि या सगळ्यात झोपतंय कोण? जाहिरात आठ तासांच्या गाढ झोपेची. इथे मोटारीची लाइट येते रात्री, माणूस बॅटरी नि काठी घेऊन बिबट्याच्या धाकात पाणी धरायला शेतात. त्याची चादर सकाळपर्यंत आपोआपच गार राहते, मग ती बांबूची असो वा बारदानाची.

तर सूनबाई, सुतीच घ्या. कापड उजेडाला धरून वीण बघा, हाताला खळ लागते का बघा, आणि दुकानदाराला म्हणा, बिलावर 'शंभर टक्के कॉटन' लिहून द्या. लिहून दिलं तर पैसे मोजा, कुरकुरला तर पुढच्या दुकानात चला. मंचरला दुकानांची कमी नाही.