मालकांचं रस्टेनबर्ग

वर्ल्ड कप आला की कोल्हापुरात भारत नावाचा देश महिनाभर रजेवर जातो. पेठांची ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटणी होते. एका तालमीच्या दारात मेस्सीचा कटआउट लागला की समोरच्या गल्लीत त्याच्याहून दोन फूट उंच नेमार उभा राहतो. ज्या पोरानं बेळगावच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नाही, ते मेस्सीच्या रोझारिओच्या गल्लीबोळांतून डोळे मिटून हिंडतं. यात वावगं काही नाही. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या मॅचला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ज्यानं घसा बसवून घेतलाय, त्याला जगातली कुठलीच खुन्नस परकी वाटत नाही.

पण टीव्हीवर बघणारे निराळे आणि जाऊन आलेले निराळे. आमच्या ओळखीतले एक फौंड्रीमालक 2010 साली वर्ल्ड कपसाठी दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले. तेव्हापासून कागल पंचतारांकित एमआयडीसीत कुणी कसलाही विषय काढू दे, तिसऱ्या वाक्याला तो रस्टेनबर्गला पोचतो. रस्त्यात पाणी तुंबलं? रस्टेनबर्गला असं नव्हतं. कंटेनर आडवा लागला? रस्टेनबर्गला शिस्त बघावी. (आपल्या एमआयडीसीला नावातच पाच तारे आहेत, त्यामुळं आम्ही तुलनेला तसे घाबरत नाही.)

मालकांनी रस्टेनबर्गला बघितलेली मॅच म्हणजे इंग्लंड विरुद्ध अमेरिका, 12 जून 2010. जेरार्डनं चौथ्याच मिनिटाला गोल केला, आणि मग डेम्प्सीचा साधा, सरपटत आलेला फटका गोलकीपर रॉबर्ट ग्रीनच्या हातून निसटून आत गेला. एक-एक. अख्ख्या इंग्लंडनं कपाळ बडवून घेतलं. मालक हा प्रसंग साभिनय सांगतात, आणि त्यात आजवर बरेच चहाचे कप कामी आले आहेत.

"पण गाव कसं होतं, मालक?" असं एकदा कुणीतरी विचारलं.

"बस एसी होती," मालक म्हणाले.

म्हणजे मुक्काम सन सिटीच्या रिसॉर्टात, तिथून बसनं स्टेडियम, स्टेडियममधून बसनं परत. सोबत जयसिंगपूरचा भडंग. मधे जे काही लागलं ते काचेतून. त्याला आपल्याकडं 'दक्षिण आफ्रिका केली' म्हणतात, जसं लोक एका दिवसात अष्टविनायक करतात.

गंमत अशी की त्या काचेपलीकडं मालकांच्या अगदी घरचा विषय होता. रस्टेनबर्ग हे प्लॅटिनमचं गाव. जगात खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे 70 टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं, आणि त्यातलं बरंचसं याच पट्ट्यातून. त्यातला मोठा वाटा गाड्यांच्या धुरावर खर्च होतो: सायलेन्सरच्या नळीत जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसतो, त्यात तो धातू असतो. आणि त्या नळीला जो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जोडतात, तो मालक इथं कागलात ओततात. एकाच गाडीच्या दोन पार्टांमागची दोन गावं. आमचा माणूस तिकडं जाऊन गोलकीपर बघून आला.

स्टेडियमचं नाव रॉयल बाफोकेंग. हे नाव मालक बाफोकिंग, बोफोकॉंग असं हवामानाप्रमाणं घेतात. बाफोकेंग ही तिथली जमात. एकोणिसाव्या शतकात काळ्या माणसाच्या नावावर जमीन होत नव्हती, तेव्हा त्यांच्या राजानं तरुण पोरं किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत कामाला धाडली, त्यांच्या मजुरीतून पैसा जमवला आणि मिशनऱ्याच्या नावानं आपलीच जमीन विकत घेतली. पुढं 1924 च्या सुमारास कळलं की त्याच मातीखाली प्लॅटिनम आहे. मग खाण कंपन्यांशी रॉयल्टीची भांडणं, कोर्टकचेऱ्या, आणि अखेर पैसा. एमआयडीसीत जमीन गेलेल्या माणसाला ही गोष्ट सांगून बघा. तो ग्रीनचं नावसुद्धा काढणार नाही. एवढंच विचारेल, "सातबारा कुणाच्या नावावर ऱ्हायला म्हणं?"

तिथं ती मॅच सुरू झाली तेव्हा रात्रीचे साडेआठ, म्हणजे आपले बारा. कागलात तिसरी शिफ्ट लागून तास झालेला. त्या वर्ल्ड कपच्या मॅचेस आपल्या पाचला, साडेसातला आणि बाराला असायच्या. पहिल्या शिफ्टवाल्याला तिन्ही मिळायच्या, पण झोप मिळायची नाही. दुसरीवाला अकराला सुटून मोटारसायकल पिळत बाराच्या आत घर गाठायचा. तिसरीवाल्याच्या नशिबी मोबाइलवर मित्राचा मिस्ड कॉल: एक वाजला तर इंग्लंड, दोन वाजले तर समोरचे. फर्नेसला हाफटाइम कळत नाही. हीट तयार झाली की लेडल लावायचा आणि ओतायचं, रेंगाळलं तर धातू थंडावतो, मोल्ड धड भरत नाही, कोल्ड शट येतो आणि सकाळी रिजेक्शनच्या ढिगापाशी सुपरवायझर उभा असतो. मालक तिकडं भोंगा फुंकत होते तेव्हा त्यांचं तिकीट इकडं ओतलं जात होतं, असं आपलं आम्हाला वाटतं.

त्या मॅचनंतर दोन वर्षांनी रस्टेनबर्गच्याच हद्दीत, मरिकानाला, खाणकामगार संपावर गेले. मागणी महिना 12,500 रँडची. 16 ऑगस्ट 2012 ला पोलिसांनी गोळ्या घातल्या, 34 माणसं मेली. हा विषय निघाला तर मालक घड्याळ बघतात.

आता ते घड्याळ न बघता सांगतात तो त्यांचा नवा प्रस्ताव: पंचतारांकित एमआयडीसीत आंतरराष्ट्रीय स्टेडियम. मॉडेल अर्थातच आफ्रिकेचं. नेल्सप्रुइटचं उदाहरण ते आवर्जून देतात. तिथल्या स्टेडियमचे खांब जिराफासारखे, खुर्च्या झेब्र्याच्या पट्ट्यांच्या, माणसं मावतात 40 हजारांवर. वर्ल्ड कपच्या मॅचेस झाल्या चार. त्यासाठी शाळेची जागा घेतली आणि पोरांना पत्र्याच्या वर्गात बसवलं, एवढा तपशील मालकांच्या स्लाइडमध्ये नाही.

शिवाय फिफाचे नियम. त्याच वर्ल्ड कपात 14 जूनच्या मॅचला 36 बायका नारिंगी झगे घालून आल्या, तर त्यांना बाहेर काढलं, दोघींना अटकही झाली. कारण ते झगे एका बिअर कंपनीनं वाटले होते आणि स्पर्धेची स्पॉन्सर बिअर वेगळी होती. हा कायदा शाहू स्टेडियमला लावला तर निम्मी शिवाजी पेठ आत जाईल. आपल्याकडं टी-शर्टच्या पाठीवर वडापाव सेंटर, पुढं भावी नगरसेवक आणि बाहीवर मोबाइल शॉपी असते. झटपट निकालासाठी दक्षिण आफ्रिकेनं 56 विशेष कोर्टं उघडली होती. आमच्या दोन तालमींच्या एका फायनलला तेवढी पुरणार नाहीत. फिफानं मात्र 2007 ते 2010 या चार वर्षांत 4 अब्ज डॉलरच्या वर कमावले.

मालक हे सगळं गेटबाहेरच्या वड्याच्या गाड्यापाशी उभं राहून सांगत होते. गाडेवाल्यानं कढईत घाणा सोडला आणि विचारलं,

"मालक, मॅचच्या दिवशी मला कितीचा धंदा हुईल?"

"तुला न्हाई जमणार. स्टेडियमच्या आसपास फक्त फिफानं परवानगी दिलेले स्टॉल. तू तिकडं लांब, हायवेला."

"आणि स्टेडियम कुठं हुणार?"

मालकांनी हात केला तो नेमका गाड्याच्या दिशेनं.

"मागच्या डझनभर वड्याचं पैसं तेवढं आजच देऊन टाका मग," तो म्हणाला.