बटणलपवे

हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीत एक तरी बटणलपवे असतातच. गळ्यात आयडी कार्ड, हातात कटिंग, चेहऱ्यावर काम संपल्याचं तेज. त्यांना सांगा, "अ‍ॅडमिनचं पेज साध्या युजरला दिसायला नको." पाच मिनिटांत उत्तर येतं, "झालं!" झालेलं असतं एवढंच, की मेनूतलं बटण गेलं. पेज जागच्या जागी. यूआरएल टाकली की सताड उघडं.

"पण यूआरएल टाकणार कोण?" हा त्यांचा लाडका सवाल.

तरी गूगलची धास्ती असतेच. म्हणून ते रोबॉट्स डॉट टीएक्सटी या फायलीत लिहून ठेवतात, की अमुक पेजकडे फिरकू नये. ही फाइल जगात कुणालाही वाचता येते. म्हणजे तिजोरी कुठे आहे हे दारावर लिहून, खाली 'कृपया बघू नये'!

जरा अनुभवी बटणलपवे लॉगिन तपासतात, पण जावास्क्रिप्टने, म्हणजे पाहुण्याच्याच ब्राउझरमध्ये. पाहुण्याने ती बंद केली की पहारा संपला. पीएचपीवाले लॉगिनकडे रिडायरेक्ट करतात आणि पुढे एक्झिट लिहायला विसरतात. ब्राउझर निघून जातो, सर्व्हर मात्र मागून उरलेलं पेज इमानाने पाठवत राहतो.

मग टेस्टिंगवाली येते. स्वतःची सॅलरी स्लिप उघडते, यूआरएलमधल्या ४१चे ४२ करते आणि मॅनेजरचा पगार बघून गप्प होते. (बग नंतर टाकते. आधी चार मैत्रिणींना सांगते.)

"अगं, खरा युजर असं करणार नाही!"

२०१९ साली अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन कंपनीकडची घरखरेदीची सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं लिंकमधला आकडा बदलून उघडता येत होती, हे ती सांगते. ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत हाच दोष पहिल्या नंबरावर होता, तेही सांगते. बटणलपवे म्हणतात, "ते अमेरिकेत."

शेवटी लीड बोलावतो. "अरे, सर्व्हरवर तपास. प्रत्येक रिक्वेस्टला विचार: तू कोण, आणि हे तुझं आहे का? लॉगिन नसेल तर लॉगिनकडे पाठव, त्याचं नसेल तर ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही', दे. सगळं एकाच मिडलवेअरमध्ये टाक, एकही पेज सोडू नकोस."

बटणलपवे आज्ञाधारक. एकही पेज सोडत नाहीत, लॉगिनचंसुद्धा. आता लॉगिन पेज उघडायला आधी लॉगिन लागतं. ब्राउझर गरगर फिरून 'टू मेनी रिडायरेक्ट्स' म्हणत हात टेकतो, क्लायंटचे फोन सुरू होतात, आणि बटणलपवे खुर्ची मागे रेलून म्हणतात, "आता दाखवा कुणी आत येऊन!"