संगमरवरात मळ किती घालावा

संगमरवरातल्या ज्या रेषांवर लोक जीव टाकतात, त्या मुळात मळाच्या रेषा असतात. चोख संगमरवर म्हणजे निव्वळ पांढरं कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडीचा दगड जमिनीच्या पोटात उष्णतेनं आणि दाबानं शिजत असताना त्यात ग्राफाइट सापडलं की राखाडी झाक येते, लोहाचा गंज सापडला की तांबूस-पिवळी. निसर्ग हे काम लाखो वर्षं सावकाश करतो आणि कुणाला विचारत नाही. आमच्या नेकनूरच्या घरात तेच काम एका सकाळीत उरकायचं होतं, आणि सगळ्यांना विचारून करायचं होतं.

नेकनूर म्हणजे मांजरसुंब्यावरून केजकडं जाताना लागणारं, बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचं गाव. खाली सगळा काळा पाषाण. विहीर खणा, नाहीतर बोअर घ्या, संगमरवराची कपचीसुद्धा निघायची नाही. घरात आजोबांच्या वेळची शहाबादी फरशी होती. शहाबाद कलबुर्गीकडचं, म्हणजे जुन्या गुलबर्ग्याकडचं, पण १९५६ पर्यंत बीड आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, त्यामुळं ती फरशी आमच्याकडं पाहुणी म्हणून आली नव्हती. धाकट्या भावाला मात्र तिची लाज वाटायला लागली. बीडच्या एका मंगल कार्यालयात त्यानं एपॉक्सीची संगमरवरी जमीन पाहिली. तीत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. तेवढं पुरलं.

गंमत म्हणजे शहाबादी हाही चुनखडीचाच दगड. संगमरवराचा सख्खा भाऊ, फक्त न शिजलेला. तो उखडायचा, खाली काँक्रीट करून मुरवायचं आणि त्यावर संगमरवराचं सोंग ओतायचं, असा बेत ठरला. उखडलेल्या फरशा गोठ्यात गेल्या. आमच्या म्हशी सध्या अस्सल दगडावर बसतात.

एपॉक्सीचे डबे दोन. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. वेगवेगळे असेपर्यंत दोघंही सोशिक. एकत्र आले की तापतात आणि कायमचे घट्ट होतात. (आमच्या घराण्यात भाऊ एकत्र आले की तापतात आणि वेगळे होतात.) मिश्रण बादलीत ढिगानं राहिलं की जास्तच तापतं आणि बघता बघता बादलीतच दगड होऊन बसतं. म्हणून मिसळल्यावर चर्चा करायची नाही, लगेच जमिनीवर पसरायचं. चर्चा काय ती आधी. आणि चर्चा आमच्याकडं मुबलक.

मिस्त्रीनं रंगांच्या डब्या ओट्यावर मांडल्या तशी माणसं जमली. आई म्हणाली, "एवढा खर्च कशाला करायलात? चुन्यात घालतेत ती नीळ घाला की." मिस्त्री हसला. मला मात्र आईची बाजू घ्यावी लागली, कारण पुडीतली जुनी नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. एके काळी ते अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्दी दगडापासून करत. पुढं १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये ते रसायनशाळेत जमलं आणि जगातल्या धुणेवाल्यांची सोय झाली. आम्लात या रंगाचा जीव जातो, क्षारात तो टिकतो. म्हणून तर चुन्यात तो वर्षानुवर्षं राहतो. हार्डनरही क्षारधर्मीच. म्हणजे आईचं रसायनशास्त्र पक्कं होतं. अडचण एवढीच, की दुकानात आता नीळ मिळते ती बाटलीतली, म्हणजे रंगाचं पाणी. आणि एपॉक्सीत पाणी शिरलं की ते हार्डनरच्या कामात नाक खुपसतं. पृष्ठभाग धुरकट होतो, कधी चिकट राहतो.

वहिनींना हळदीचा पिवळा हवा होता. हळदीचा रंग उजेडात उडतो, हे डाग पडलेलं लुगडं उन्हात टाकणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. वहिनींनाही होतं. त्यांनी तो मुद्दा स्वतःच मागं घेतला, ही या प्रकरणातली एकमेव माघार.

दाजींना सोनेरी पाहिजे होता. आमच्याकडून सोन्याची अपेक्षा ठेवायची त्यांची सवय लग्नापासूनची आहे. या सोनेरी भुकटीत सोन्याचा कणही नसतो. अभ्रकाच्या बारीक कपच्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ लेप दिलेला असतो, आणि लेपाच्या जाडीवर ठरतं, कपची सोनेरी चमकणार की निळी. हे ऐकल्यावर दाजी म्हणाले, "मग जाड लेपाचं घ्या. पैशाचं बघू." बघणारे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

खरा पेच उरलेल्या रंगांचा. भगवा घातला तर एका बाजूचे लोक खूश, हिरवा घातला तर दुसऱ्या, निळा घातला तर तिसऱ्या. आणि बैठकीत चहा प्यायला तर सगळेच येतात. निवडणूक तर आमच्याकडं कुठली ना कुठली चालूच असते. राखाडी रंगाचा पक्ष अजून निघालेला नाही. शिवाय एपॉक्सी उन्हानं पिवळी पडते, आमचं दार पूर्वेला, आणि पांढऱ्या जमिनीवर तो पिवळेपणा आधी दिसतो. राजकारण आणि रसायन यांचं इतकं एकमत मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तळाला राखाडी ठरला.

राखाडी करणं सोपं वाटतं. कार्बन ब्लॅकच्या भुकटीशी ज्याची गाठ पडली नाही, त्यालाच. नखावर मावेल एवढी घेतली तरी भांडंभर पांढऱ्याचं तोंड काळं करते. उलट टायटॅनियमचा पांढरा कितीही ओतला तरी त्याला वाटतं, अजून चाललं असतं. पण साधारण शेकडा पाचाच्या वर रंग गेला की मिश्रण जड होतं आणि नीट पसरत नाही. मळालाही मर्यादा असते, असं मिस्त्री म्हणाला. पोरगं विशीतलं, शिक्षण मोबाइलवरच्या व्हिडिओतून झालेलं, पण बोलणं कीर्तनकाराचं. नेकनूर पडलं कीर्तनकार बंकटस्वामींचं गाव, पाण्याचाच गुण असावा.

खेळ सुरू होतो तो पुढं. रेझिन पाण्याहून जरासंच जड. टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट, लोहाचं ऑक्साइड पाचपट. जड रंग बुडायला बघतो, हलका वर राहतो, आणि दोघांच्या ओढाताणीत पृष्ठभागावर गोल-षटकोनी घरं उमटतात. तापलेल्या द्रवाच्या पातळ थरात अशी घरं पडतात हे आंरी बेनार या फ्रेंच माणसानं १९०० साली नीट मांडून दाखवलं. पण तरंगत्या रंगांना कामाला लावण्यात आपलं दख्खन त्याच्या अडीचशे वर्षं पुढं होतं. सतराव्या शतकात विजापूरकडचे चितारी बुळबुळीत पाण्यावर रंग सोडून, कागदानं ते उचलून त्यांतून चित्रं करत. हाडं निघालेल्या घोड्यावर बसलेला त्यांचा एक स्वार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यांचा कागद वीतभर, आमची बैठक बारा बाय अठराची. शिवाय त्यांच्या डोक्याशी दाजी उभे नव्हते.

एप्रिलात बीडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उकाड्यात मिश्रण लवकर आवळतं, म्हणून ओतायचं काम पहाटे काढलं. राखाडीवर पांढऱ्याच्या धारा, त्यावर काळ्याची सुतासारखी रेघ, दाजींसाठी सोनेरीची एक सळसळ. मग मिस्त्रीनं वर स्पिरिट फवारलं तशी रंगांनी माना वळवल्या. तात्या, म्हणजे आमचे चुलते, उंबऱ्याबाहेर काठीवर हनुवटी टेकून हे सगळं बघत होते. शेताची वाटणी झाल्यापासून ते आमच्या प्रत्येक कामाला साक्षीदार म्हणून हजर असतात.

फरशी वाळली आणि बघायला गाव लोटलं. आईला तिच्यात गाभण म्हैस दिसली. शेजारच्या आजींना खिडकीखाली कमरेवर हात ठेवलेला पांडुरंग दिसला, आणि तेव्हापासून त्या कोपऱ्यावर कुणी पाय देत नाही. टीव्हीचं टेबल तिथंच ठेवायचं होतं, ते अजून ओसरीत आहे. दाजींनी सोनेरी रेघ बोटानं मोजली आणि कमी भरली असं सांगितलं. तात्या सगळ्यांत शेवटी आत आले. काळ्या रेघेवर काठी टेकवत भिंतीपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "हा आपला खालच्या शेताचा बांध हाय. आन् बघ, हितंबी तुमी त्यो माझ्या अंगावर सरकिवलाय."