पिसांचे ऑडिटर

नाना डोंबिवलीत राहतात. डोंबिवलीत थंडी पडली असं म्हणण्याचा योग जानेवारीत दोन-चार पहाटे येतो, आणि त्याही दिवशी आठ-बावीसची लोकल पकडलेला माणूस दिवा स्टेशन येईस्तोवर घामाने निथळत असतो. अशा गावात पंख्याखाली बसून नानांनी उबदार जॅकेटचा जो अभ्यास केलाय, तो लडाखात जन्मलेल्या माणसानेही केला नसेल. त्याला गरजच पडली नसेल म्हणा.

बँकेच्या ऑडिट खात्यातून नाना निवृत्त झाले. बँक सुटली, ऑडिट सुटलं नाही. तरुणपणी त्यांनी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला होता. तिथे अंगावर आलेलं फेदर जॅकेट बोजड होतं, त्याला आधीच्या दहा बॅचेसचा वास होता, पण थंडी आत येत नव्हती. ती का येत नव्हती, हा प्रश्न नानांना तेव्हा पडला. त्याचं उत्तर ते अजून देत आहेत.

आमच्या गिर्यारोहणाच्या ग्रुपमध्ये नवीन पोरगा आला, हिमालयाची एखादी मोहीम ठरली, की तो बिचारा सहज विचारतो, "नाना, जॅकेट कुठलं घेऊ?" जुनी मंडळी एकमेकांकडे बघतात आणि हळूच चपला शोधायला लागतात. त्या पोराचा रविवार गेलेला असतो.

"दुकानदाराने काय सांगितलं?" नाना विचारतात.

"आठशे फिल आहे म्हणाला."

"बरं. आणि पिसं किती ग्रॅम?"

पोरगा गप्प. नाना चहाचा कप खाली ठेवतात. आता ते मांडी घालून बसणार, हे वहिनी आतूनच ओळखतात आणि पोहे दोन माणसांचे जास्त भिजवतात.

फिल पॉवर म्हणजे काय, हे नानांकडून ऐकावं. एक औंस, म्हणजे साधारण अठ्ठावीस ग्रॅम पिसं घ्यायची. ही पिसं म्हणजे पंखातली काडीवाली नव्हेत. हंसाच्या किंवा बदकाच्या छातीपोटावरची, काडीच नसलेली मऊ लव. ती एका नळकांड्यात सोडायची, वर ठरावीक वजनाची चकती ठेवायची आणि किती घन इंच जागा व्यापली ते मोजायचं. आठशे घन इंच भरले, तर माल आठशे फिलचा. आठशे घन इंच म्हणजे तेरा लिटर. मूठभर लव आणि बादलीभर हवा! ऊब त्या अडकलेल्या हवेची असते आणि हवा तापवायचं काम आपल्या अंगाचं. "जॅकेट काही तापत नाही," नाना बजावतात, "ते फक्त तुझी उधळपट्टी थांबवतं."

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. खरं ऑडिट पुढे आहे.

"आठशे हा झाला मालाचा दर्जा. पण माल भरलाय किती? हे म्हणजे व्याजाचा दर पाटीवर लिहायचा आणि मुद्दल सांगायचंच नाही. साडेआठशे फिलची शंभर ग्रॅम पिसं एका जॅकेटात, सहाशे फिलची अडीचशे ग्रॅम दुसऱ्यात. जास्त ऊब कशात?"

पोरगा मोबाइल काढतो. तोवर नानांचा तोंडी हिशेब झालेला असतो. पहिल्यात तीन हजार घन इंच, दुसऱ्यात पाच हजार तीनशेच्या आसपास. जवळपास पावणेदोनपट फुगवटा, तोही कमी दर्जाच्या मालाचा.

पोराचा चेहरा उजळतो. "म्हणजे सहाशेवालंच घेतो की! स्वस्तही पडेल."

"घे. पण ते जड होणार. सॅकमध्ये अर्धी जागा खाणार. ते वर कोण नेणार, मी?"

पोरगा पुन्हा होता तिथे. नाना समाधानाने पोहे पुढे ओढतात.

दुकानात नानांबरोबर जायला हिंमत लागते. त्यांच्या पिशवीत हेल्मेट, हार्नेस आणि सामान तोलायचा हुकाचा काटा असतो. मॉलच्या दारात पिशवी तपासणारा पहारेकरी हार्नेस वर धरून "ये क्या है?" विचारतो, तेव्हा नाना त्यालाही थोडक्यात समजावतात. त्यांचं थोडक्यात म्हणजे काय, हे त्याला मागची रांग सांगते.

आत गेल्यावर आधी वजन. मग जॅकेट ट्यूबलाइटसमोर धरायचं. पिसं एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून जॅकेटला आडवे कप्पे असतात. स्वस्तात बाहेरचं आणि आतलं कापड थेट एकमेकांना शिवून टाकतात. मग त्या टाक्याच्या रेषेवर पिसं उरतच नाहीत, दोन कापडं फक्त एकमेकांना चिकटलेली. उजेडात ती रेष स्वच्छ दिसते. नाना तिच्यावरून नख फिरवतात आणि विक्रेत्याला म्हणतात, "इथून वारा आत येणार. ही फट आहे." भारी मालात दोन कापडांच्या मध्ये कापडाचीच छोटी भिंत उभी करतात, त्यामुळे टाक्यापाशीही पिसांची जाडी राहते. ते महाग का, हे विक्रेत्याला त्या दिवशी प्रथमच कळतं.

"सर, मनालीला चाललाय ना? सगळ्या फॅमिली हेच नेतात."

फॅमिली या शब्दाने नाना दुखावतात. ते हार्नेस काढतात, जॅकेटवरून चढवतात, हेल्मेट घालतात आणि हूड हेल्मेटवरून ओढून बघतात. एवढं चढवूनही मान वळली पाहिजे. मग खालून चेन उघडतात. उबदार जॅकेटची चेन दोन्हीकडून उघडणारी हवी, कारण बिले देताना, म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळताना, तो दोर कमरेशी असतो. जॅकेट पूर्ण न काढता तिथवर हात जायला हवा. हा सगळा प्रकार ते आरशासमोर, कॅरॅबिनर खुळखुळवत करतात. लहान मुलं जमतात. एकदा एका आजींनी त्यांना अग्निशामक दलाचे समजून जिना कुठल्या बाजूला आहे असं विचारलं होतं.

हे चालू असतानाच इतिहासाचा तास होतो. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. बाकीचे साहेबलोक ट्वीड आणि लोकरीत, आणि हा गडी फुग्याच्या कापडात आयडर बदकाची पिसं भरून शिवलेला हिरवागार कोट घालून आलेला. आधी सगळ्यांनी थट्टा केली, वर गेल्यावर सगळ्यांना हेवा वाटला. फिंच ऑक्सिजन घेत ८,३०० मीटरच्या वर पोचला. "ऑक्सिजनची नळकांडी सगळ्यांच्या लक्षात राहिली," नाना कळवळून म्हणतात, "कोट कुणाच्या लक्षात आहे?" मग अमेरिकेतला एडी बाउर. हिवाळ्यात मासे धरायला गेला आणि थंडीने मरता मरता वाचला. १९३६मध्ये त्याचं टाके घातलेलं पिसांचं जॅकेट बाजारात आलं आणि १९४०मध्ये त्याला पेटंट मिळालं. विक्रेता पगारी माणूस, ऐकून घेतो. शेवटी नाना काटा, हेल्मेट पिशवीत भरतात आणि म्हणतात, "विचार करून कळवतो." सगळ्या विक्रेत्यांनी त्यांना नंतर चहा विचारलाय. नानांच्या बोलण्यावर त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकांना माल विकलाय, असा माझा संशय आहे.

कागदावरचा आकडा नानांना पुरत नाही, प्रत्यक्ष तपासणी लागते. डोंबिवलीत ती कुठे करणार? डिसेंबरात पेपरात 'वेण्णा लेकवर दवबिंदू गोठले' अशी बातमी आली की नाना रात्रीच्या एसटीने महाबळेश्वरला. पण दव गोठणं म्हणजे काही हिमालय नव्हे. मग पुतण्याच्या ओळखीने भिवंडीकडच्या आइस्क्रीमच्या गोदामाचा शोध लागला. तिथे उणे अठरा. ग्रुपमधल्या सगळ्यांची जॅकेटं मागून घेऊन नाना एकेक अंगावर चढवत आणि आत प्लास्टिकच्या स्टुलावर, मांडीवर वही घेऊन न हलता बसत. बिलेवर उभा माणूस हलत नाही, म्हणून आपणही हलायचं नाही, हा नियम. तिथला हमाल उसवलेल्या स्वेटरवर दिवसभर खोकी आत-बाहेर करत होता. चौथ्या जॅकेटला त्याला राहवलं नाही. "काका, बसून राहिलात तर गारठणारच. दोन खोकी उचला, बघा कशी पळते थंडी."

नानांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्यांच्या मते थंडीतल्या कपड्यांवर इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. जाडं जॅकेट चढण्यासाठी नसतं, थांबण्यासाठी असतं, आणि हे सांगायला त्यांना नेहमी पाऊण तास लागायचा.

बरीच वर्षं नानांनी स्वतः मात्र काहीच घेतलं नाही. यंदाच्या मॉडेलमध्ये वीस ग्रॅम पिसं कमी केलीत, पुढच्या वर्षी चेन सुधारणार आहेत, डॉलर उतरू दे. काठमांडूच्या थामेलमध्ये नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला मिळतात. तिथल्या एका जॅकेटवर नानांनी छापील फिल पॉवर नऊशे पाहिली, कप्पा चिमटीत धरला, आतली काडी बोटाला टोचली आणि ते दुकानदाराकडे बघून नुसते हसले. शेवटी एका सेलमध्ये, कुणालाच नको असलेल्या रंगाचं एक निघालं. पोपटी. माप दोन नंबर मोठं, कारण ते बाकी सगळ्या थरांवरून आलं पाहिजे. घट्ट जॅकेटात पिसं दबतात आणि दबलेली पिसं हवा धरत नाहीत. वहिनींनी नानांना त्यात बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, यात मीही मावेन." नाना म्हणाले, फिंचचा कोटही हिरवाच होता.

वहिनींचा विरोध आधी तात्त्विक होता. "सरस्वतीचं वाहन अंगावर घालून हिंडायचं म्हणजे काय?" नानांनी खुलासा केला की बहुतेक पिसं मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांची असतात, आणि जिवंत पक्ष्याची उपटलेली नाहीत याचं प्रमाणपत्र बघूनच आपण घेतलंय. या खुलाशाने वहिनींचं फारसं समाधान झालं नाही. पुढचे दोन दिवस जॅकेट देवघराच्या भिंतीकडेही फिरकू दिलं गेलं नाही. नंतर विरोध व्यवहारावर आला. ते दाबून ठेवायचं नाही, त्यामुळे कपाटाचा एक अख्खा कप्पा त्याचा, आणि त्यातल्या पैठण्या माळ्यावर. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून त्याला वारा देणं. धुतलं की वेगळंच. आपल्याकडे गरम हवेचं वाळवणयंत्र कुणाच्या घरी असतं? ज्या एका लाँड्रीत होतं, तिथे नाना ओलं जॅकेट आणि तीन टेनिस बॉल घेऊन गेले. आत पिसांच्या गुठळ्या होतात, बॉल आपटून त्या सुटतात. लाँड्रीवाल्याने बॉल पाहिले, नानांकडे पाहिलं आणि दुकान बंद करायची वेळ झाल्याचं सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते. मग घरीच सावलीत, पंख्याखाली, बोटांनी एकेक गुठळी सोडवत नाना बसले. वहिनींच्या भिशीच्या बायकांनी तो सोहळा पाहिला.

सह्याद्रीत ते जॅकेट फारसं निघत नाही. निघालं की पंचाईत. हरिश्चंद्रगडावर शेकोटी पेटली की नाना पंधरा हातांवर, अंधारात, एकटे उभे. ते तलम नायलॉन, त्यावर ठिणगी पडली की तिळाएवढं भोक आणि भोकातून पिसं. आमच्यातल्या एकाच्या बाहीला असं झालं आणि तो चिमटीने पीस बाहेर ओढू लागला, तेव्हा नाना एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या तंबूतले लोक बिबट्या आला म्हणून जागे झाले. पीस बाहेर ओढलं की मागून त्याचे भाऊबंद येतात आणि भोक मोठं होतं. ते आतल्या बाजूने धरून परत आत घ्यायचं असतं आणि भोकावर चिकटपट्टी लावायची असते.

फ्रेंडशिप पीकला नाना आमच्याबरोबर होते. उंची ५,२८९ मीटर. मनालीहून सोलंग, धुंदी, बकरथाच, मग लेडी लेगचा तळ. वर जायला नानांच्या गुडघ्याने परवानगी नाकारली होती. मध्यरात्र उलटल्यावर आम्ही बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फातले काटे, बांधत होतो. बाहेर उणे दहाच्या आसपास, दात वाजत होते, सगळ्यांनी आपापली जॅकेटं गळ्यापर्यंत चढवलेली. इतक्यात तंबूची चेन उघडली आणि पोपटी हूड बाहेर आलं.

"काढा सगळ्यांनी जॅकेटं!"

"नाना, मरू हो!"

"पंधरा मिनिटांत उकडेल. घालून चढलात तर घामाने पिसं भिजतील. भिजली की गोळा होतात, मग ते जॅकेट ओझं म्हणून घेऊन हिंडा. कुडकुडतच निघायचं. सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा, पिशवीत कोंबू नका." एवढं बोलून हूड आत गेलं. स्वतः ते स्लीपिंग बॅगमध्ये, जॅकेटसकट.

शिव्या देत निघालो. पंधरा मिनिटांत खरंच उकडलं. वरच्या उभ्या उतारावर पुढची तुकडी अडकली आणि आम्हाला दोराला अडकून ताटकळावं लागलं. आमची जॅकेटं हार्नेसवरून, हेल्मेटवरून, दहा-बारा सेकंदांत अंगावर. शेजारच्या तुकडीतल्या एकाचं जॅकेट सॅकच्या तळाशी होतं. त्याने बाटली काढली, डबा काढला, मग ओले हातमोजे दातात धरून उतारावर सॅक उपडी करायला लागला. त्याच्या गाइडने त्याला जे सुनावलं, ते नानांच्या वहीत घालण्याजोगं नव्हतं.

दुपारी उतरून तळावर आलो तेव्हा नाना वही उघडून उन्हात बसले होते. स्वयंपाक्याने सूप दिलं. नानांनी प्रश्न सुरू केले. पहिला थांबा कितीला? अंगावर चढवायला किती सेकंद? हूड हेल्मेटवर बसलं? मनगटाशी वारा आला? चेन हातमोज्याने ओढता आली की मोजा काढावा लागला? नव्या पोराने, ज्याने अखेर सातशे फिलचं आणि एकशे नव्वद ग्रॅमचं घेतलं होतं, सगळी उत्तरं नीट दिली. नानांनी त्याच्या खांद्यावरचं एक पीस आतून ओढून जागेवर बसवलं आणि रकाना भरला.

शिखर झालं का, हे त्यांनी रात्री खिचडी वाढून घेताना विचारलं. तेही स्वयंपाक्याने विषय काढला म्हणून.